धापा डंपिंग ग्राऊंडचे काळे पाणी: त्यात काय असते, ते कुठे जाते आणि कोणत्या योजनांचा आधार मिळतो

कोलकात्यात ई. एम. बायपासवरून जाताना पूर्वेला राखाडी-हिरवट डोंगर दिसतो. तो धापाचा कचरा डेपो. १८६० च्या दशकात शहराबाहेरची ही सखल जमीन कचऱ्यासाठी घेतली गेली, आणि आजही महापालिकेच्या गाड्या तिथेच रिकाम्या होतात. रोज सुमारे ४,००० टन किंवा त्याहून जास्त कचरा येतो. जुन्या, साचलेल्या कचऱ्याचा अंदाज सुमारे ४० लाख टनांचा आहे.

असे डोंगर हटवण्यासाठी सध्या देशभर घाई चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशन (शहरी) २.० चे एक मोठे उद्दिष्ट जुने डंपिंग ग्राऊंड मोकळे करणे हेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने त्यासाठी वर्षभराचा वेगळा गतिमान कार्यक्रम जाहीर केला. त्यात २१४ ठिकाणचा सुमारे ८.८ कोटी टन कचरा धरला असून ऑक्टोबर २०२६ हे लक्ष्य आहे. १ एप्रिल २०२६ पासून घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियमही लागू झाले.

बातम्यांत टन आणि एकर यांचे आकडे येतात. डेपोशेजारी राहणाऱ्या, तिथे कचरा वेचणाऱ्या किंवा खालच्या बाजूला भाजी पिकवणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. डोंगर हटला की धोका संपला का? सरळ उत्तर असे की, डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त झाला नाही तर धोका संपत नाही. हा लेख त्या पाण्याबद्दल आहे.

लिचेट म्हणजे काय?

चहाच्या गाळणीतल्या पत्तीवर पाणी ओतले की ते रंग आणि चव घेऊन खाली उतरते. कचऱ्याच्या ढिगावर पाऊस पडला की तसेच होते. आपल्याकडच्या ओल्या कचऱ्यात मुळातच भरपूर पाणी असते, त्यामुळे उन्हाळ्यातही थोडे पाणी सुटत राहते आणि पावसाळ्यात त्याचे ओहोळ होतात. या काळपट, उग्र वासाच्या पाण्याला लिचेट म्हणतात.

ताज्या कचऱ्याचे लिचेट आंबट असते आणि त्यात कुजणारे पदार्थ खूप असतात. आंबटपणामुळे धातू सहज विरघळून बाहेर येतात. ढीग जुना झाला की कुजण्याचा जोर कमी होतो आणि पाणी कमी आंबट होते. पण अमोनिया आणि क्षार वर्षानुवर्षे सुटत राहतात. म्हणून बंद केलेला डेपो हा सुरक्षित डेपो असतोच असे नाही. धापातच सुमारे १२ हेक्टरचा पश्चिमेकडचा जुना भाग जागतिक बँकेच्या साह्याने झाकून बंद करण्यात आला. सुमारे २१ हेक्टरच्या पूर्वेकडच्या भागावर कचरा पडत राहिला. झाकल्यामुळे पावसाचे पाणी आत शिरणे कमी होते, आणि तो खरा फायदा आहे. आधीच भिजलेल्या कचऱ्यातले पाणी मात्र लगेच थांबत नाही.

त्यात काय काय असते, हे आपण कचऱ्यात काय टाकतो यावर ठरते. जुन्या बॅटऱ्यांतून शिसे, कॅडमियम आणि निकेल येते. फुटलेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांतून पारा येतो, चामड्याच्या कतरणीतून क्रोमियम, तर रंगाचे डबे आणि मोडक्या मोबाइल-चार्जरमधून अनेक धातू एकदम येतात. प्लास्टिक मऊ ठेवण्यासाठी वापरलेली थॅलेट्स आणि कडक प्लास्टिकमधले बिस्फेनॉल-ए हळूहळू पाण्यात उतरते. मुदत संपलेली औषधेही त्यात असतात.

अलीकडे जगभर चर्चा आहे ती पीएफएएस या रसायनांची. नॉनस्टिक भांड्यांचा थर, पाणी न धरणारे कापड, तेल न झिरपणारी खाद्यपदार्थांची वेष्टने यांत ती वापरली गेली आहेत. निसर्गात ती जवळजवळ मोडतच नाहीत. त्यांपैकी पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये या दोहोंसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्राम एवढी मर्यादा घातली. नॅनोग्राम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एवढ्या कमी प्रमाणातही धोका मानला जातो, यावरूनच प्रश्नाचा अंदाज यावा.

धापातून हे पाणी जाते कुठे?

कोलकाता त्रिभुज प्रदेशात वसले आहे. शहराखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा जाड थर आहे. या थरामुळे लिचेट सरळ खोल भूजलात उतरणे अवघड जाते. ही दिलासा देणारी बाब आहे, पण अर्धीच. खाली वाट नसली की पाणी आडवे पसरते. धापाच्या आडव्या वाटेवर नाले आहेत, शेते आहेत आणि पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन आहे.

ही पाणथळ जमीन सुमारे १२,५०० हेक्टरची. ऑगस्ट २००२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला, आणि २००६ मध्ये तिच्या रक्षणासाठी राज्याने वेगळा कायदा केला. शहराचे सांडपाणी कालव्यांतून इथल्या उथळ तळ्यांत सोडले जाते. या तळ्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात. ऊन आणि शेवाळ मिळून सांडपाण्यातली घाण मोडते, शेवाळावर मासे वाढतात, आणि तेच पाणी पुढे भातशेती व भाजीला जाते. ही व्यवस्था कोणा सरकारी खात्याने आखली नव्हती. मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी ती पिढ्यानुपिढ्या बसवली. सरकारी अभियंता राहिलेले ध्रुवज्योती घोष (१९४७-२०१८) यांनी तिचा अभ्यास करून तिचे मोल जगासमोर मांडले. धापाची फुलकोबी आणि पालेभाज्या आजही कोलकात्याच्या बाजारात रोज येतात.

अडचण नेमकी इथे आहे. भेरीची ही किमया मैला आणि कुजणारे पदार्थ यांवर चालते. शिसे, कॅडमियम किंवा पीएफएएस यांना शेवाळ मोडू शकत नाही. धातू तळाच्या गाळात बसतात, आणि गाळ उकरून खाणाऱ्या माशांच्या अंगात जाऊ शकतात. जलपर्णी धातू शोषून घेते, पण ती तिथेच कुजू दिली तर घेतलेले परत करते. अमोनियाचे गणित आणखी वेगळे आहे. दुपारच्या उन्हात शेवाळामुळे तळ्याचे पाणी अल्कधर्मी होते, आणि त्या वेळी अमोनियाचा माशांना घातक असलेला भाग वाढतो. मासे मेले की मच्छीमार रोगाला दोष देतात. कधी कधी कारण पाण्यात असते.

भाजीबाबतही फरक समजून घ्यावा. शिसे बहुतेक मुळांत आणि पानांवरच्या धुळीत राहते, म्हणून भाजी नीट धुण्याचा उपयोग होतो. कॅडमियम मुळांतून पानांत चढते आणि ते धुऊन जात नाही. ते शरीरात अनेक वर्षे साठते आणि मूत्रपिंडांवर परिणाम करते. शिशाचा सर्वांत मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बसतो, आणि त्याची सुरक्षित पातळी नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा अर्थ धापाची प्रत्येक भाजी विषारी आहे असा होत नाही. धोका किती, हे त्या शेताच्या मातीची आणि पाण्याची तपासणी केल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. अशा तपासणीचे निकाल स्थानिक भाषेत शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवेत, ही मागणी रास्त आहे.

या भागात धातू फक्त कचऱ्यातून आले असेही नाही. तोपसिया, टांगरा, तिलजला इथल्या चर्मोद्योगांचे क्रोमियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे याच कालव्यांत येत होते. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारखाने हलवण्याचा आदेश दिला आणि बानतला येथे चर्मनगरी उभी राहिली. गाळातले जुने क्रोमियम मात्र कारखान्यांबरोबर हलले नाही.

नियम काय म्हणतो?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये शास्त्रीय भरावभूमी कशी असावी हे लिहिले होते. तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा थर, लिचेट गोळा करणाऱ्या नळ्या आणि शुद्धीकरण संयंत्र. तळ्यापासून २०० मीटर आणि नदीपासून १०० मीटर अंतर. धापा हा या नियमांच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा. जुन्या भागाच्या तळाशी असा थर असण्याचा प्रश्नच नव्हता.

याच नियमांत प्रक्रिया केलेले लिचेट नदी-नाल्यात सोडण्याची मर्यादा दिली होती. लिटरला अमोनियाजन्य नायट्रोजन ५० मिलिग्रॅम, शिसे ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम, कॅडमियम २ मिलिग्रॅम. आता पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक पाहा. शिसे ०.०१, क्रोमियम ०.०५, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम. म्हणजे कॅडमियमची सोडण्याची मर्यादा पिण्याच्या मर्यादेच्या सहाशे पटींहून जास्त होती. नाल्यात पाणी पातळ होते असे गृहीत धरून अशा मर्यादा ठरतात. ज्या ठिकाणी तोच नाला थेट मासे आणि भाजी पिकवतो, तिथे हे गृहीतक कितपत चालते, हा प्रश्न विचारायलाच हवा. पीएफएएसचे नाव तर त्या यादीत नव्हतेच.

दंड झाला, पैसा कुठे?

१ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचरा यांच्या व्यवस्थापनातील त्रुटींसाठी पश्चिम बंगालवर ३,५०० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई लावली. शहरी भागात तयार होणारे सांडपाणी आणि शुद्ध होणारे सांडपाणी यांत रोज १,४९० दशलक्ष लिटरची तफावत असल्याचे त्या आदेशात नोंदले गेले. आठवडाभरात महाराष्ट्रावरही १२,००० कोटींचा आदेश निघाला. अनेकांनी विचारले, यातले पैसे आम्हाला मिळतील का? नाही. अशी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून सुधारणेच्या कामांवर खर्च करायची असते. बाधित व्यक्तीची भरपाई हा वेगळा अर्ज आहे, त्याबद्दल पुढे.

आता डोंगर हटवण्याचे गणित. जुन्या कचऱ्याच्या बायोमायनिंगसाठी केंद्राचे अर्थसाह्य टनामागे ५५० रुपये या दराने मोजले जाते. माती, प्लास्टिक, दगड-विटा वेगळे काढायचे आणि जमीन मोकळी करायची. कामाची मोजदाद टनांत आणि एकरांत होते, लिचेटचे लिटर किंवा त्यातले शिसे त्या हिशेबात ठळकपणे दिसत नाही. आमच्या मते योजनेतला हा कमकुवत धागा आहे. ढीग उकरला की आतला भिजलेला कचरा उघडा पडतो, आणि पावसाळ्यात काम चालू राहिले तर लिचेट काही काळ वाढू शकते. गोळा करण्याची चर आणि टाकी आधी, खोदकाम नंतर, हा क्रम पाळला जातो का, हे वॉर्डातल्या माणसाने जाऊन पाहण्यासारखे आहे.

दुसरी नजर चाळलेल्या मातीवर हवी. बायोमायनिंगमधून निघालेली बारीक माती भरावासाठी किंवा शेतासाठी नेली जाते. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोला शिसे १००, क्रोमियम ५० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. कुणी ती माती खत म्हणून देत असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा. फुकट मिळते म्हणून घेऊ नका.

मार्च २०२५ मध्ये हुगळीच्या पलीकडे हावड्यात बेलगाछिया डेपोजवळ जमीन खचली, घरांना तडे गेले आणि पाण्याची मुख्य वाहिनी फुटली. हजारो घरांचे नळ कोरडे पडले, आणि हावड्याचा काही कचरा वळवून धापाला आणावा लागला. फुटलेल्या वाहिनीत दाब कमी झाला की बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. अशा वेळी पाणी उकळल्याने जंतू मरतात. धातू आणि क्षार उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने थोडे दाट होतात. त्या दिवसांत टँकरचे पाणीच प्यावे.

महाराष्ट्रात परिस्थिती कुठे वेगळी, कुठे तशीच

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना हे सांगायला नको. तिथे खाली बेसॉल्ट खडक आहे आणि त्याच्या भेगांतून पाणी विहिरीत उतरते. कोलकात्यात लिचेट आडवे जाते, दख्खनच्या खडकात ते भेगेने खाली जाते. मुंबईचे देवनार १९२७ पासून चालू आहे, साचलेला कचरा सुमारे १८५ लाख टन, आणि शेजारी ठाणे खाडी. त्या खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्यालाही २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. धापाचा प्रश्न देवनारला लागू पडतो, तो असा.

आपल्याला कोणत्या योजना लागू होतात?

लिचेटचा पहिला स्पर्श कचरावेचकाला होतो. फाटक्या बुटातून ते पायाला लागते, काचेने कापलेल्या जागेतून आत जाते. म्हणून सुरुवात ‘नमस्ते’ योजनेपासून. गटार व सेप्टिक टँक कामगारांसाठीच्या या केंद्रीय योजनेत कचरावेचकांचा समावेश झाला आहे, आणि जून २०२५ मध्ये त्यांची नोंदणी मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट सुमारे २.५ लाख जणांचे आहे. नोंद झाल्यावर ओळखपत्र, हातमोजे-बूट वगैरे सुरक्षा साहित्य, आरोग्य विमा, प्रशिक्षण आणि कचरा वाहनासाठी भांडवली अनुदान अशा गोष्टी मिळू शकतात. नोंदणी महापालिका किंवा नगरपालिकेमार्फत होते. आधार आणि बँक पासबुक जवळ ठेवा. डेपो बंद होणार असेल तर ही नोंद त्याआधी होणे फार महत्त्वाचे आहे. डोंगर हटल्यावर ‘मी इथे काम करत होतो’ हे सिद्ध करणे अवघड जाते, आणि सुक्या कचऱ्याच्या नव्या केंद्रात काम मागताना हेच कार्ड दाखवावे लागेल. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांना ओळखपत्राची ताकद १९९० च्या दशकापासून माहीत आहे.

आरोग्य विम्यात राज्यागणिक फरक आहे. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्ये आयुष्मान भारतमधून अंग काढून घेतले होते, आणि तिथे राज्याच्या स्वास्थ्यसाथी कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण दिले गेले. आपले कार्ड आज कोणत्या योजनेत चालते, हे भरती होण्यापूर्वी रुग्णालयाच्या मदत कक्षात विचारून घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही ५ लाखांपर्यंत उपचार होतात.

मुलांसाठी एक योजना बऱ्याच पालकांना माहीतच नसते. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या पाल्यांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती मिळते, आणि त्यात कचरावेचक येतात. घरून शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला ३,५०० रुपये, वसतिगृहातल्या मुलाला ८,००० रुपये. जातीची किंवा उत्पन्नाची अट नाही. पालकाच्या कामाचा दाखला स्थानिक संस्थेकडून घ्यावा लागतो आणि अर्ज शाळेमार्फत जातो.

ई-श्रम नोंदणी असंघटित कामगारांपैकी १६ ते ५९ वयाच्या कुणालाही करता येते. अपघातासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि संरक्षण २ लाखांचे. भेरीवर काम करणाऱ्यांना प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला गट अपघात विमा पाहता येईल. त्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपये आहेत आणि हप्ता सरकार भरते. मासे मेले तर मात्र हा विमा लागू होत नाही, तो माणसाच्या अपघाताचा आहे.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याबद्दल शंका असेल तर जल जीवन मिशनच्या प्रयोगशाळांत नागरिकांना नाममात्र शुल्कात नमुना तपासून घेता येतो. गावपातळीवरच्या किटने धातूंची तपासणी होईलच असे नाही. डेपो जवळ असेल तर अर्जात शिसे, कॅडमियम, क्रोमियम, अमोनिया आणि क्लोराइड यांची नावे लिहून मागा. अमोनिया आणि क्लोराइड एकदम वाढलेले दिसले तर ते कचऱ्याच्या किंवा सांडपाण्याच्या झिरपण्याचे पहिले लक्षण असू शकते.

प्रदूषणामुळे आरोग्याचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले असेल तर राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १५ खाली भरपाई मागता येते. मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षांची. लवादाचे पूर्व विभागाचे पीठ कोलकात्यात आणि पश्चिम विभागाचे पुण्यात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि मुले यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पाण्याचा अहवाल, दवाखान्याचे कागद, मेलेल्या माशांचे तारखेसह फोटो, पंचनामा, जे असेल ते जपून ठेवा.

घरातल्या डब्याचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग करायचे आहेत. ट्यूब, बॅटरी, रंगाचे डबे, जुनी औषधे, पाऱ्याचा थर्मामीटर हे चौथ्या भागात जाते. घातक कचरा वेगळा ठेवण्याची अट २०१६ च्या नियमांतही होती, गाडीवाला मात्र अनेक ठिकाणी सगळे एकाच पेटीत ओततो. तुमच्या वॉर्डात चौथ्या भागासाठी वेगळी गाडी किंवा संकलन केंद्र नसेल, तर पालिकेच्या घनकचरा विभागाकडे लेखी विचारणा करा आणि पोच घ्या.